दुर्मिळ हातांची केस

आमच्या रुग्णालयात दुर्मिळ गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. चालू लिफ्ट दुर्मिळ. लहान मुलाच्या शिरेला बसेल अशी सुई दुर्मिळ. दुपारी दोननंतर एक्स-रे काढणारा माणूस तर इतका दुर्मिळ, की तो दिसला की नातेवाईक आपोआप हात जोडत. पण असल्या गोष्टींवर कोणी निबंध लिहीत नाही. निबंध लिहायचा तो आजारावर. आजारही असा हवा, की तो आजवर कोणाला झालेला नसावा आणि साहेबांची बढती होईपर्यंत दुसऱ्या कोणाला होऊ नये.

कोणतं रुग्णालय ते विचारू नका. वाशीम जिल्ह्यातलं एक सरकारी, एवढं पुरे. मी तिथे प्रयोगशाळेत. वीसेक वर्षं लोकांच्या दंडाला रबर बांधून शिरा शोधतो आहे. सुई आत गेली की माणूस गप्पा मारायला लागतो, दुखणं विसरायला. त्यामुळे कोणाच्या घरी काय चाललंय हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं. फक्त ते लिहायला माझ्या कागदावर रकाना नाही.

ज्यांची ही गोष्ट ते मेडिसिनचे डॉक्टर, आमचे साहेब. पुण्याकडून बदलून आलेले, इस्त्रीचे, कपाळाला आठी घालून जन्मलेले. त्यांना वर चढायचं होतं आणि त्यासाठी छापील ‘केस रिपोर्ट’ लागत होते. केस रिपोर्ट म्हणजे एका रोग्याची गोष्ट. तिच्यात सगळे असतात, एक रोगी सोडून. त्यांच्या खोलीत असा एक निबंध काचेत लावलेला होता. कुणा म्हाताऱ्याच्या कानात ज्वारीचा दाणा गेला आणि त्याला कोंब फुटला, त्याबद्दलचा. लेखक सहा, दाणा एक. कोंबाची लांबी त्यात होती. म्हाताऱ्याला पुन्हा ऐकू आलं का, हे नव्हतं.

मी एकदा एका रिपोर्टच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मलेरियासाठी स्लाइड पुन्हा पाहावी का?’ साहेब स्वतः जिना उतरून आले. सगळ्यांसमोर तो कागद माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, “लॅबने आकडे द्यायचे. मत आमच्याकडे असतं.” ते वाक्य मी घडी घालून खिशात ठेवलं. पुढे उपयोगी पडेल म्हणून.

आणि पडलं.

त्या हिवाळ्यात आसेगावच्या बाजूच्या एका वस्तीवरून एक बाई आली. चाळिशीची, चिवट. आठ दिवसांचा ताप घेऊन आली होती. साहेबांनी नाडी बघायला तिचा हात हातात घेतला आणि ताप विसरले. कोपरापर्यंत काळे ओघळ, जुने डाग, त्यांवर नवे फोड, बोटांची सालटं निघालेली. गालावरही काळसर ठिपके. दुसरा हात पाहिला. तोही तसाच.

“बायलॅटरल!” साहेब म्हणाले. “सिमेट्रिकल!”

“ते काई नाई साहेब,” बाई म्हणाली. “ते कामाचं हाये. माह्या तापाचं पाहा ना.”

“कधीपासून आहे हे?”

“लगन झालं तवापासून.”

“घरात आणखी कोणाला?”

“सासूले हाये. पोरीले बी येऊन राह्यलं आता.”

“सासू काही रक्ताच्या नात्यात?”

“आत्या होय ना माही.”

बाईचं लग्न आत्याच्या पोराशी झालेलं. आमच्याकडे त्यात कोणाला काही वाटत नाही. साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं, आणि घरात पाळणा हलल्याची तार आल्यासारखा चेहरा केला. नात्यात लग्न, तीन पिढ्या, तीन बायका, सारखेच हात! शेजारी उभ्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी व्यवसायाच्या रकान्यात ‘गृहिणी’ लिहून टाकलं होतं. समोर बाई असली की पेन आपोआप तेच लिहितं. ‘कामाचं हाये’ ही दोन शब्दांची साक्ष हवेत विरून गेली.

दुसऱ्या दिवशी मी रक्त काढायला वॉर्डात गेलो. हात पाहिला आणि मला हसू आवरेना.

“काय ताई, बिबे फोडता वाटते?”

“हाव भाऊ. अंगनातच तं मांडते आमी.”

बिबा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. काळं, टणक, बदामाच्या आकाराचं फळ. धोबी त्याच्या चिकाने कपड्यांवर खुणा करायचे. टरफलात काळं तेल असतं, ते कातडीला लागलं की दोन दिवसांनी आग, खाज, फोड. याला आपल्याकडे बिबा उतणं म्हणतात. पण आत पांढरीशुभ्र गोडंबी असते. ती बाळंतिणीच्या लाडवात पडते, थंडीत शहरातले लोक चवीने खातात. ती बाहेर काढायची तर दगडावर बिबा ठेवून एकेक ठेचावा लागतो आणि तेल अंगावर उडतं. आमच्या जिल्ह्यात कित्येक वस्त्यांवर बायका हाताला गोडं तेल चोपडून, तोंडाला फडकं बांधून हेच करत बसतात. सासू करते, म्हणून सून करते, म्हणून पोरगी करते. झाला तीन पिढ्यांचा आजार!

“डॉक्टरले सांगतलं नाई?” मी विचारलं.

“सांगतलं ना. कामाचं हाये म्हनलं. कोन्तं काम, ते त्याहीनं इचारलंच नाई. मले वाटलं, एवढा शिकेल मानूस, ठाऊकच असन.” मग तिने सुईकडे बघायचं टाळत म्हटलं, “तू सांगजो बरं त्याहीले.”

“हाव, सांगतो,” मी म्हणालो.

नाही सांगितलं. जिना चढताना खिशातलं वाक्य टोचलं. लॅबने आकडे द्यायचे. ठीक आहे साहेब, देतो आकडे! हिमोग्लोबिन दिलं, लघवी दिली, यकृत दिलं. मत गिळून टाकलं आणि वरच्या मजल्यावर काय नाटक रंगतं ते बघायला पहिल्या रांगेत बसलो.

काय नाटक होतं महाराजा! बाईचा ताप सिस्टरच्या गोळ्यांनी चौथ्या दिवशी उतरला, पण सुट्टी कोण देतो? सासूला बोलावलं, पोरीला बोलावलं. तिघींच्या हातांशेजारी पट्टी ठेवून फोटो निघाले. चेहऱ्याचे फोटो काढून डोळ्यांवर काळी पट्टी मारली. बाईच्या मनगटाजवळची कातडी कापून बाटलीत घालून बाहेर पाठवली. इंग्रजीत टाइप केलेल्या कागदावर तिघींचे अंगठे घेतले. पोरगी बारावी पास होती, तिचाही अंगठाच घेतला. एक दिवसाआड मी तिघींचं रक्त काढत होतो आणि मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो.

बाईसाठी रोज भाकर घेऊन यायची ती तिची शेजारीण. बडबडी, हसरी. हात पदरात गुंडाळून वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसायची. नात्याने कोणी नव्हे, जातीनेही वेगळी, फक्त घराला घर लागून. एक दिवस तिने साहेबांसाठी गोडंबीचा पुडा आणला. साहेबांनी तो टेबलावर वाटीत ओतला. मी रिपोर्ट द्यायला गेलो तर साहेब एकेक दाणा तोंडात टाकत शिकाऊबाईंना मजकूर सांगत होते, की या रुग्णांचा कोणत्याही दाहक पदार्थाशी संपर्क आढळला नाही.

“घ्या,” त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली. “इथलं लोकल ड्रायफ्रूट आहे. झाडावर असंच येतं बहुतेक.”

मी दोन दाणे घेतले. इतकी चविष्ट गोडंबी पुन्हा खाल्ली नाही.

वॉर्डाच्या भिंतीवर साहेबांनी एक मोठा तक्ता लावला होता. घराण्याची वंशावळ. बायका म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, आणि ज्याला आजार त्याचा आकार काळा रंगवलेला. सासू काळी, सून काळी, पोरगी काळी. पोरीच्या खाली आणखी एक रेघ ओढून एक गोल काढला होता. अर्धा काळा, शेजारी प्रश्नचिन्ह. म्हणजे पोरीचं लग्नही व्हायचं होतं आणि साहेबांनी तिच्या पोटच्या लेकराला आधीच रांगेत उभं केलं होतं!

या तक्त्याने घात केला.

पोरीचं लग्न केनवडच्या एका घरी ठरत आलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, येत्या रविवारी. मुलाचे मामा सोमवारी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आमच्याकडे आले. होणाऱ्या विहीणबाई इथेच आहेत म्हणून त्यांना भेटायला वॉर्डात गेले, आणि तक्त्यासमोर उभे राहिले. गोल काळे म्हणजे काय, हे त्यांनी शिकाऊबाईंना विचारलं. त्यांनी उत्साहाने समजावून सांगितलं. प्रश्नचिन्हासकट.

मामा बाईच्या खाटेशी आले. बसले नाहीत.

“हे खानदानी हाये, हे तुमी आमाले सांगतलं नाई.”

“खानदानी कायचं भाऊ, कामाचं हाये!”

“तुमी म्हनता कामाचं. डॉक्टरनं भिंतीवर चितारून ठेवलं. आमी कोनाचं मानाचं?” मामा म्हणाले. “रविवारी आमी येतो. डॉक्टरच्या हातचा कागद दाखवा, का हे पोरीपासून पुढं जात नाई. कागद असन तं साक्षगंध. नसन तं चहा घेऊ अन् राम राम.”

बाई साहेबांकडे गेली. साहेबांनी तिला उभ्याउभ्याच सांगितलं की तपास अपुरा आहे, आनुवंशिकता नाकारता येत नाही, असा कागद देता येणार नाही. कसा देतील? त्यांचा अख्खा निबंध त्या एका गोष्टीवर उभा होता. पोरीचं लग्न जमलं की निबंध पडला.

मग ती खाली प्रयोगशाळेत आली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. तिने तक्रार केली नाही, ती रडली नाही.

“भाऊ, तू सांगतलंच नाई ना त्याहीले?”

मी सूक्ष्मदर्शकाखालची काच बदलली.

“तुले पैल्या दिवशी समजलं होतं. मंग काहून नाई बोलला? मजा पाहून राह्यला होता?”

वीस वर्षं दुसऱ्यांच्या शिरा शोधणाऱ्या माणसाची शीर तिने पहिल्याच टोचणीत अचूक पकडली. साहेब निदान अडाणी होते. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी दोन गोडंबीच्या दाण्यांसाठी आणि एका जुन्या अपमानासाठी तिचं रक्त काढत बसलो होतो.

मी तसाच उठून वर गेलो. दारातूनच म्हणालो, “साहेब, त्या बायका बिबे फोडतात. हे बिब्याचं आहे.”

साहेबांनी मान वर केली नाही. “गुरुवारी प्रेझेंटेशन आहे. त्याआधी मला लॅबकडून फक्त आकडे हवेत.”

गुरुवारी सभागृह भरलं. बाहेरच्या कॉलेजातले एक वयस्क प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. चहाबरोबर प्रत्येक टेबलावर बशी, बशीत गोडंबी. साहेबांनीच शेजारणीकडून मागवून घेतलेली, पाहुण्यांना इथली चव कळावी म्हणून. मला आत प्रवेश होता, कारण प्रोजेक्टरची वायर हलली की ती धरून उभं राहणं हे आमच्या रुग्णालयात प्रयोगशाळेचं काम समजतात.

पडद्यावर हात आले. पट्टी आली, डोळ्यांवरच्या काळ्या पट्ट्या आल्या, वंशावळ आली. ‘आमच्या माहितीप्रमाणे अशा प्रकारचं हे पहिलंच कुटुंब’ हे वाक्य आलं तेव्हा साहेबांचा आवाज भरून आला. शेवटी काही शंका, असं त्यांनी विचारलं. मी वायर धरलेला हात तसाच ठेवून दुसरा वर केला.

“सर, मत नाही,” मी म्हणालो. “एक आकडा चुकलाय. पेशंट तीन नाहीत, चार आहेत.”

सभागृह वळलं. मी दार उघडलं. शेजारीण बाकावरच होती. तिला आत आणून म्हटलं, हात दाखव. तिने पदर सोडला. कोपरापर्यंत तेच काळे ओघळ, तेच फोड.

“ही यांची कोण?” प्राध्यापकांनी विचारलं.

“कोनीच नाई,” तीच म्हणाली. “घराले घर हाये.”

मग त्या म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तो प्रश्न विचारला जो इतक्या दिवसांत, इतक्या फोटोंत, इतक्या बाटल्यांत कोणी विचारला नव्हता.

“बाई, तुम्ही काम काय करता?”

“बिबे फोडतो साहेब.” तिने बशीकडे बोट केलं. “हे काय, हे मीच फोडलेलं हाये. सायबाले आवडते म्हून आनलं.”

मागच्या रांगेत सिस्टर खदखदून हसल्या. मग वॉर्डबॉय. मग सगळं सभागृह. साहेबांच्या तोंडात त्या क्षणी एक गोडंबी होती. ती त्यांना गिळताही येईना, थुंकताही येईना. माणूस एवढ्या लहान दाण्यामागे इतका वेळ लपू शकतो, हे मी तिथे पाहिलं.

तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही वाटलं. मी दरवाजात उभा राहून मिशीला पीळ द्यायच्या बेतात होतो. पण साहेब डोकं दुखतं म्हणून घरी गेले ते दोन दिवसांच्या रजेवरच. जाताना बाईला सुट्टी दिली. सुट्टीच्या कार्डावर लिहिलं होतं: ताप. बरा. हातांचं नाव नाही! जे हात पडद्यावर भिंतीएवढे झाले होते ते कागदावर उमटलेच नाहीत. प्राध्यापक गाडीत बसून गेले. त्यांचं बोलणं हवेत होतं, आणि केनवडला कागद हवा होता.

मामा त्याच दुपारी फाटकाशी भेटले. मी विजयी वीरासारखं त्यांना सगळं सांगितलं. शेजारणीचं नातं नाही तरी तिलाही तेच, म्हणजे खानदानी नाही!

मामा विचारात पडले. मग त्यांचा चेहरा आणखी उतरला.

“म्हनजे लागट हाये! शेजारनीपर्यंत गेलं!”

घ्या. बुद्धीचा हा प्रकाश फक्त साहेबांच्याच खोलीत पडतो असं समजत होतो, तो फाटकावरही पडला होता. मी म्हणालो, “मामा, तुम्ही रविवारी याच. कागद मी आणतो.”

शेजारणीच्या पिशवीत घरी फोडायला घेतलेले बिबे होते. तिथेच फाटकाबाहेर दगडावर एक ठेचला आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तेलाच्या तीन रेघा ओढल्या.

“बह्याड झाला काय भाऊ!” शेजारीण ओरडली. “गोडं तेल तं लावू दे आधी!”

नाही लावलं. उजवा हात स्वच्छ ठेवला. शुक्रवारी आणि शनिवारी काम आटोपून त्यांच्या वस्तीवर गेलो, बाईच्या ताटात तिच्याबरोबर जेवलो, उजव्या हाताने तिच्या हातातून पाणी घेतलं, सासूबाईंचे फोड धुऊन दिले. आमच्या रुग्णालयाच्या इतिहासात इतका नेटका प्रयोग दुसरा झाला नाही. एक हात संसर्गाचा, एक हात बिब्याचा. शनिवारी डावा हात भाकरीसारखा फुगला. रविवारी पहाटेपासून अशी आग आणि खाज, की मी तो हौदात बुडवून बसलो आणि या बायका हे जन्मभर कसं सोसतात याचा विचार करायला मला पहिल्यांदा सवड मिळाली. तुम्ही चुकूनही असं करू नका.

केनवडची मंडळी दोन गाड्या भरून आली. अंगणात सतरंजी. पोरगी आत, हात पदराखाली. मामांनी चहा बाजूला ठेवला.

“कागद?”

मी उभा राहिलो आणि दोन्ही बाह्या वर केल्या. असा क्षण माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, मी तो सावकाश घेतला.

“हा उजवा. दोन दिवस यांच्याच ताटात जेवला. पाहा, डाग नाही. हा डावा. याला फक्त बिबा लावला. माझं यांच्याशी नातं नाही, मी बिबे फोडत नाही, मी रक्त काढतो. आता सांगा, खानदानी का लागट?”

मामा जवळ येऊन वाकले. पण त्यांच्या आधी मुलाची आई उठली. तिने माझा फुगलेला हात फिरवून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“अवं बाई, हा तं बिबा उतला! माह्या माहेरी साऱ्यायले उतते.” मग भावाकडे वळून, “मी तुले म्हनलं नव्हतं? तूच म्हने, डॉक्टरपुढं तुही अक्कल पाजळू नको.”

“मंग डॉक्टरनं ते गोल कायले काढले?” मामा म्हणाले.

“गोल काढायचाच त्यांना पगार आहे,” मी म्हणालो.

मुलाची आई आत गेली, पोरीला हाताला धरून बाहेर आणलं, सगळ्यांसमोर तिचे काळे हात आपल्या मांडीवर ठेवले आणि कुंकू लावलं.

साहेबांचं काय झालं, तर ते चांगलं झालं. त्यांचं नेहमीच चांगलं होतं. सोमवारी ते परत आले, माझा डावा हात पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत ती जुनी ओळखीची चमक आली. “एक फोटो घेऊ?” पुढे बिबे फोडणाऱ्या बायकांच्या त्वचेवर त्यांचा निबंध छापून आला. जणू हे त्यांनीच शोधलं. त्यात चौथ्या चित्रात माझा हात आहे. हाताला डोळे नसतात म्हणून काळी पट्टी मारता आली नाही, याची त्यांना हळहळ वाटली असावी. त्या बायकांना मलम किंवा हातमोजे मिळावेत, अशी ओळ मी त्यात दोनदा शोधली.

पण मला आठवतो तो रविवार. साक्षगंध झालं, पंगत उठली. बाईने माझ्यासमोर गोडंबीचा लाडू धरला. डाव्या हाताची आग होत होती आणि उजव्यात पाण्याचा पेला होता, म्हणून मी नुसतंच तोंड पुढे केलं.

ती लाडू तसाच हातात धरून थांबली.

“आता पाह्य, तोंड कसं लगेच उघडलं!” ती म्हणाली, आणि मग भरवला.